नवऱ्याकडे जा नाहीतर जेलमध्ये जा, कोर्टानं सांगितलं. 22 वर्षांच्या रखमाबाईंनी जेल निवडलं

घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा. आज हे शब्द घरोघरी ऐकू येतात. पण ज्या काळात हिंदू बाईला घटस्फोट घेता येईल असा कायदाच नव्हता, त्या काळात मुंबईच्या एका मुलीनं भर हायकोर्टात सांगितलं की हे लग्न मला मान्य नाही. तिच्या केसनं मुंबई-पुणेच नाही तर लंडनही ढवळून निघालं.

ही मुलगी म्हणजे रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 चा, मुंबईतल्या सुतार समाजातल्या घरातला. आई जयंतीबाई, वडील जनार्दन पांडुरंग. रखमाबाई झाल्या तेव्हा आई स्वतःच पंधरा वर्षांची होती. सतराव्या वर्षी ती विधवा झाली. काही वर्षांनी जयंतीबाईंनी दुसरं लग्न केलं ते डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी. हे वनस्पतीशास्त्राचे मोठे जाणकार. 1883 मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी उभी राहिली तेव्हा आठ संस्थापकांपैकी दोनच भारतीय होते, त्यातले एक हे.

इथं एक गोष्ट बघण्यासारखी आहे. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्यानं लग्नाची वाट मोकळी केली, पण त्याची किंमतही ठेवली. पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा. शिवाय नवऱ्याकडचे पुरुष नातेवाईक कोर्टात जाऊन मुलांसाठी दुसरा पालक मागू शकायचे. म्हणजे ताब्याचं भांडण तेव्हाही होतंच, फक्त पारडं आधीपासून झुकलेलं होतं. जयंतीबाईंनी लग्नाआधी मालमत्ता लेकीच्या नावावर केली आणि लेकीला घेऊन नव्या घरी आल्या. रखमाबाई सावत्र वडिलांच्याच घरात वाढल्या.

अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लागलं. नवरा दादाजी भिकाजी, वय 19, डॉक्टरांच्याच नात्यातला. ठरलं असं होतं की दादाजीनं घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं, माणूस म्हणून उभं राहायचं. दादाजीला शाळा मानवली नाही. आई वारल्यावर तो मामा नारायण धुरमाजी याच्याकडे राहायला गेला आणि बायकोनं आता तिकडे नांदायला यावं असा तगादा लागला. रखमाबाई गेल्या नाहीत. सखाराम अर्जुन पाठीशी उभे राहिले. त्या काळात असा बाप, तोही सावत्र, शोधून सापडला नसता.

घरी बसून त्या मिशनच्या लायब्ररीतली पुस्तकं आणून वाचत होत्या. इकडे मार्च 1884 मध्ये दादाजीच्या वकिलांची नोटीस आली. मग केस उभी राहिली, 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई'. दावा होता वैवाहिक हक्क परत मिळवण्याचा, म्हणजे बायकोला नांदायला पाठवा असा. रखमाबाईंचं म्हणणं साधं होतं. ज्या वयात काही कळत नव्हतं त्या वयात लग्न लावलं, त्याला माझी संमती नव्हती. नवरा पोसू शकत नाही, त्याची तब्येत धड नाही आणि ज्या मामाच्या घरी जायचं तो माणूस बरा नाही.

निकाल लागण्याआधीच, एप्रिल 1885 मध्ये सखाराम अर्जुन गेले. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर जळजळीत पत्रं छापून आली. खाली सही होती नुसती 'एक हिंदू स्त्री' अशा अर्थाची. लिहिणाऱ्या रखमाबाईच होत्या.

21 सप्टेंबर 1885. जस्टिस पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचा मुद्दा असा होता की असला दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच, तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इकडे आला. आणि जे नवरा-बायको म्हणून कधी एकत्र राहिलेच नाहीत त्यांच्यात परत काय मिळवायचं?

यावर मोठा गदारोळ उठला. टिळकांचा 'केसरी' रखमाबाईंच्या विरोधात उभा राहिला. परक्या सरकारचा जज आमच्या धर्मात आणि घरात हात घालतो, हा त्या बाजूचा राग होता. मलबारींसारखे सुधारक दुसऱ्या बाजूला. कोर्टात रखमाबाईंकडे काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखे वकील होते. टिळकांच्या देशभक्तीबद्दल शंका नाही, पण या प्रकरणात त्यांचा पक्ष चुकीचा होता असंच आज म्हणावं लागतं.

अपिलात 1886 मध्ये निकाल फिरला, केस पुन्हा खाली आली आणि 4 मार्च 1887 ला जस्टिस फॅरन यांनी हुकूम दिला. महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद.

रखमाबाईंनी कळवलं, कैद चालेल.

आता इंटरनेटवर पुढची गोष्ट अशी फिरते की राणी व्हिक्टोरियानं मध्ये पडून लग्न मोडून दिलं. ऐकायला छान आहे, पण तसं झालं नाही. लंडनच्या वर्तमानपत्रांत चर्चा झाली, मॅक्सम्युलरसारख्या विद्वानांनी लिहिलं, पैसे जमले, हे खरं. पण शेवट झाला तो कोर्टाबाहेर. जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजीनं 2,000 रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. चार वर्षं एवढे बडे वकील आणि जज झटले, आणि प्रश्न सुटला तो समजुतीनं आणि रोख पैशांनी. दादाजीनं पुढच्याच वर्षी दुसरं लग्न केलं. पुरुषाला ती मुभा होती. रखमाबाई मात्र कायद्याच्या नजरेत त्याच्या बायकोच राहिल्या.

मग त्यांनी आयुष्याची गाडी वेगळ्याच रुळावर नेली. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी हात दिला आणि 1889 मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या. शिकून परतल्या त्या 1895 च्या सुमाराला थेट सुरतच्या बायकांच्या दवाखान्यात. भारतातल्या पहिल्या प्रॅक्टिस करणाऱ्या महिला डॉक्टर म्हणून त्यांचं नाव सर्रास घेतलं जातं, पण बंगालच्या कादंबिनी गांगुली त्यांच्या आधीच्या. याने रखमाबाईंचं काही कमी होत नाही. सुरतेत वीसेक वर्षं, मग राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात, अशी हयात त्यांनी बाळंतपणं आणि बायकांचे आजार सांभाळण्यात घालवली. पुन्हा लग्न केलं नाही. 1904 मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्याच्याबरोबर एक दिवस संसार केला नाही त्याच्यासाठी. हे कोडं त्यांच्या चरित्रात तसंच राहतं.

कायदा हळूहळू सरकला. 1891 मध्ये संमतीवय 10 वरून 12 झालं. नांदायला न जाणाऱ्या बायकोला कैद करण्याची तरतूद 1923 मध्ये गेली. मुंबई प्रांतात 1947 मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा आला. पण नागपूरकडचा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे पारशिवनीच्या बाईला त्याचा उपयोग नव्हता. तिच्या जातीत काडीमोडीची रूढी असेल तर पंचांपुढे सुटका, नाहीतर नाही. तिच्यासाठी कायद्याचं दार उघडलं ते हिंदू विवाह कायद्यानं, 18 मे 1955 ला.

आज याच पारशिवनीतल्या बाईकडे वकिलाला द्यायला पैसे नसतील तर 1987 च्या कायद्यानुसार तिला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. फॅमिली कोर्टात तर पक्षकारानं स्वतः बोलावं हीच मूळ कल्पना आहे, तिथं वकील लावायला कोर्टाची परवानगी लागते. आणि पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं, असं 1956 चा पालकत्व कायदा सांगतो. जयंतीबाईंच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. दादाजीनं केला तो दावा मात्र अजून करता येतो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली. सुप्रीम कोर्टानं 1984 मध्ये ते कलम वैध ठरवलं. तुरुंग गेला, पण हुकूम न पाळल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

निवृत्तीनंतर रखमाबाई मुंबईला परतल्या. पडदा पद्धतीविरुद्ध त्यांनी पुस्तिकाही लिहिली होती. घटस्फोटाचा कायदा देशभर लागू झाल्यावर चारच महिन्यांनी, 25 सप्टेंबर 1955 ला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.