हुकूम देणाऱ्या बायकांचं राज्य: काशीबाई कानिटकरांनी १९२८ मध्ये लिहिलेलं

मोबाईलला रस्ता विचारा, हवामान विचारा, अलार्म लावायला सांगा. गेली कित्येक वर्षं उत्तर बहुतेक वेळा बाईच्याच आवाजात येत आलंय. अमेरिकेत सिरी आली ती बाईच्या आवाजात, ॲलेक्साही तशीच. ॲपलने इंग्रजी सिरीचा हा ठरलेला आवाज २०२१ मध्ये काढला आणि निवड वापरणाऱ्यावर सोडली. ॲलेक्साची कल्पना कुठून आली, हे तर बनवणाऱ्यांनीच सांगितलंय: 'स्टार ट्रेक' या जुन्या अमेरिकन मालिकेतल्या बोलणाऱ्या संगणकावरून. त्या संगणकाला आवाज होता मॅजेल बॅरेट या अभिनेत्रीचा.

म्हणजे भविष्याची गोष्ट कोण लिहितं आणि त्यात बाईला कोणतं काम मिळतं, हे फिरून आपल्या खिशातल्या फोनपर्यंत येतं. मी देवरूखात घरून काम करते, दिवसभर सॉफ्टवेअर लिहिते (लाईट असेल तेव्हा!). त्यामुळे या प्रश्नात मला जरा जास्तच रस आहे. आणि म्हणूनच आज काशीबाई कानिटकरांबद्दल. हुकूम ऐकणाऱ्या नाही, हुकूम देणाऱ्या बायकांचं राज्य त्यांनी मराठीत १९२८ मध्येच लिहून ठेवलंय.

काशीबाईंचा जन्म १८६१ चा, आष्ट्याचा. हे गाव आता सांगली जिल्ह्यात येतं. घर सधन होतं, पण मुलीला शाळेत घालायची पद्धत नव्हती, त्यामुळे शाळा नाहीच. नवव्या वर्षी गोविंद वासुदेव कानिटकरांशी लग्न झालं. नवरा शिकणारा, कवितेचा आणि इंग्रजी पुस्तकांचा नाद असलेला. बायकोने शिकावं असं त्यांना वाटायचं. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र सुनेच्या हातात पुस्तक खपत नव्हतं. एकत्र कुटुंबात सुनेला स्वतःचा वेळही नसतो आणि स्वतःचा कोपराही. अशा घरात राहून त्या आधी मराठी वाचायला शिकल्या, मग संस्कृत आणि इंग्रजीही.

गोविंदराव पुढे न्यायखात्यात गेले. जॉन स्टुअर्ट मिलचा स्त्रियांच्या पारतंत्र्यावरचा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. कादंबरीकार हरि नारायण आपटे हे या दोघांचे जवळचे स्नेही. इथे एक सांगते. सुधारक नवऱ्याने बायकोला घडवलं, अशा थाटात आपल्याकडे या काळातल्या बायकांची चरित्रं सांगितली जातात. मला ते अर्धवट वाटतं. परवानगी मिळाली म्हणून कुणी कादंबरी लिहीत नाही. काशीबाईंनी 'रंगराव' लिहिली, ती आधी मासिकातून क्रमशः आली आणि १९०३ मध्ये पुस्तक झाली. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या. त्यांचं मराठी चरित्र लगेच दोन वर्षांत लिहिलं ते काशीबाईंनीच. एका बाईने दुसऱ्या बाईचं आयुष्य नोंदवून ठेवणं तेव्हा अगदी नवीन होतं.

गोविंदराव १९१८ मध्ये वारले. त्यानंतर दहा वर्षांनी, काशीबाई सदुसष्ट वर्षांच्या असताना 'पालखीचा गोंडा' आली. नायिका रेवती. तिचं लग्न एका संस्थानाच्या राजाशी फसवून लावलेलं असतं, राजा बुद्धीने अधू. आता ठरलेल्या मराठी गोष्टीत पुढे काय होणार? रडणं, व्रतं, फार तर विहीर. काशीबाई रेवतीच्या हातात कारभार देतात. मग संस्थानात बायकांना शिक्षण मिळतं, कामं मिळतात, अधिकार मिळतात, आणि राज्य चालतं.

पण यात एकही यंत्र नाही, मग ही विज्ञानकथा कशी? माझा वाद नेमका इथेच आहे. नियम एक बदलायचा, बाकी सगळं चालू ठेवायचं आणि काय होतं ते बघायचं, याला आम्ही कामावर सिम्युलेशन म्हणतो. बदललेला नियम गुरुत्वाकर्षणाचा असला तर ती विज्ञानकथा आणि घरातल्या सत्तेचा असला तर 'बायकांची कादंबरी', ही विभागणी मला पटत नाही. अमेरिकेत उर्सुला ले ग्विनने १९६९ मध्ये अशा ग्रहावर कादंबरी लिहिली, जिथली माणसं कायमची बाई किंवा पुरुष नसतात. तिला ह्यूगो आणि नेब्युला, दोन्ही पुरस्कार मिळाले. तिथेही गंमत यंत्रांत नाहीच.

आणि यंत्रंच हवी असतील तर तीही आहेत. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी गोष्ट मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये छापली. त्यात सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, ढगांतून पाणी काढतात, उडत्या गाडीतून हिंडतात, आणि पुरुष पडद्यात असतात. सौर चूल, १९०५ मध्ये!

बाहेर मात्र उलटंच चाललं होतं. जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने लिहिणाऱ्या अमेरिकन लेखकाची शैली अस्सल पुरुषी असल्याचं एका नामवंत लेखकाने १९७५ मध्ये छापील सांगितलं. दोनेक वर्षांत कळलं की टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन नावाच्या साठी ओलांडलेल्या बाई. मला हसू आलं, कारण माझ्या पहिल्या टीममध्ये माझा कोड एका फटक्यात चालला की मला हमखास विचारलं जायचं, कुणी मदत केली? काशीबाईंनी मात्र टोपणनावाचा आडोसा न घेता स्वतःच्या नावाने लिहिलं, तेही सासुरवाशिणीने वर्तमानपत्र वाचलं तरी भुवया उंचावायच्या त्या काळात.

काशीबाई १९४८ मध्ये गेल्या. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. त्यामुळे २००९ पासून त्यांची पुस्तकं कुणीही स्कॅन करून वाटू शकतं, कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्या गावच्या जुन्या वाचनालयात 'पालखीचा गोंडा'ची प्रत असेल तर ग्रंथपालांना विचारून फोनच्या कॅमेऱ्याने पानं टिपा. पान सपाट ठेवा, फ्लॅश बंद, उजेड बाजूने येऊ द्या. टेसरॅक्ट हे फुकट सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, पण जुन्या छपाईतल्या जोडाक्षरांवर आणि रफारावर अडखळतं, म्हणून प्रत्येक ओळ एकदा डोळ्यांखालून घालावी लागते. झालं की मराठी विकिस्रोतावर चढवा.