कपाब्लांकाला हरवणारे पंजाबचे सुलतान खान

केळवे : ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडून बसणाऱ्या जुन्या मंडळींना विचारा, देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढं सरकतं. किल्लेकोटही नाही. त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते, तीही शह बसला नसेल तर. अशाच नियमांवर वाढलेला एक माणूस विलायतेला गेला आणि पाच वर्षांत तीनदा ब्रिटिश विजेता झाला. त्यांचं नाव मीर सुलतान खान.

जन्म १९०३ च्या सुमारास, पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचा. आज हे गाव पाकिस्तानात आहे. नवव्या वर्षी वडिलांनी पट शिकवला आणि एकविशीत पंजाबात त्यांच्या तोडीचा खेळाडू उरला नाही. मोठे जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांना आश्रय दिला, युरोपी नियम शिकवले. देशी डाव संथ उघडतो. विलायती डावात पहिल्या दहा चालींतच घात होऊ शकतो, आणि तिकडचे खेळाडू सुरुवातीच्या चाली पुस्तकांतून घोकून आलेले असायचे.

१९२८ ची अखिल भारतीय स्पर्धा त्यांनी एकही डाव न हरता जिंकली. एप्रिल १९२९ मध्ये सर उमर त्यांना लंडनला घेऊन गेले. तिथल्या पहिल्याच स्पर्धेत सुलतान खान तळाला राहिले. मग विंटर आणि येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांची तयारी करून घेतली, आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ते ब्रिटिश विजेते झाले! १९३२ आणि १९३३ लाही किताब त्यांचाच.

हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी कपाब्लांकाला हरवलं. कपाब्लांका म्हणजे माजी जगज्जेता, ज्याला हरवणं भल्याभल्यांना जमत नसे. १९३१ च्या प्राग ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर ८ विजय, ७ बरोबरी, फक्त २ पराभव. फ्लोर आणि रुबिनस्टाइन हरले, जगज्जेत्या अलेखिनशी बरोबरी झाली. हे सगळं तब्येत सांभाळत. तिकडची थंडी सोसेना, हिवताप उलटायचा, घशाला पट्टी बांधून ते पटावर बसायचे.

इंग्रजी पुस्तकांत त्यांना सर उमर यांचा नोकर, निरक्षर असं लिहिलं गेलं. घरच्यांनी हे साफ नाकारलंय. सुलतान खान शिकलेले होते, घरची जमीन होती, असं त्यांच्या नातीनं मांडलं. नोकर आणि राजबिंडे सरदार ही गोष्ट विलायतेत खपणारी होती, हेही खरंच.

१९३३ च्या अखेरीस सर उमर परतले, त्यांच्याबरोबर सुलतान खानही. १९३५ मध्ये आपले मराठी खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी त्यांचा दहा डावांचा सामना झाला. खाडिलकरांना एक बरोबरी मिळाली, बाकी नऊ डाव सुलतान खान यांनी जिंकले. पुढं स्पर्धा सुटल्या, शेती राहिली. मुलांनाही त्यांनी बुद्धिबळाऐवजी दुसरं काही उपयोगाचं करा असंच सांगितलं म्हणतात.

१९५० मध्ये जागतिक संघटनेनं ग्रँडमास्टर किताब द्यायला सुरुवात केली. खेळणं सोडलेल्या रुबिनस्टाइनना तो मिळाला, सुलतान खान यांना नाही. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोध्यात क्षयानं ते गेले. मानद ग्रँडमास्टर किताब जाहीर झाला २०२४ साली.