कॅथरिन मॅककॉर्मिक : इंजिनिअरिंगच्या मुलींना छप्पर देणारी बाई

इंजिनिअरिंगच्या प्रवेशयाद्या लागल्या की वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांचे फोन वाजू लागतात. मुलीचा नंबर लागलेला असतो, फीची सवलतही मिळणार असते. अडतं एकाच ठिकाणी, ती राहणार कुठे? वसतिगृहात जागा नाही आणि बाहेर खोली घेण्याची ऐपत नाही, म्हणून हातातली सीट सोडून गावाजवळच्या कॉलेजात नाव घातलेल्या मुली आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीसारख्या जगप्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेतही मुली याच प्रश्नावर अडल्या होत्या. तो सोडवायला पुढे आली तिथेच शिकलेली एक बाई.

कॅथरिन डेक्स्टर यांचा जन्म २७ ऑगस्ट १८७५ रोजी मिशिगन राज्यातील डेक्स्टर गावी झाला. वडील शिकागोतले नामांकित वकील. कॅथरिन चौदा वर्षांच्या असताना ते गेले आणि आई मुलांना घेऊन बॉस्टनला आली. पुढे एकुलता भाऊही ऐन पंचविशीत वारला. घरात पैसा होता, पण त्या काळी श्रीमंत घरातल्या मुलीने लग्न करून संसाराला लागावं हीच रीत होती. कॅथरिन यांनी विज्ञान निवडलं. आधी पूर्वतयारीचे विषय पूर्ण केले, मग एमआयटीत रीतसर प्रवेश घेतला आणि १९०४ साली जीवशास्त्राची पदवी मिळवली. मुलींनी प्रयोगशाळेतही टोपी घालावी असा तिथला दंडक होता. पिसांची टोपी ज्वालेजवळ पेट घेईल, असं कारण देऊन त्यांनी तो मोडून काढला, असं सांगितलं जातं.

त्याच वर्षी त्यांचं लग्न स्टॅन्ली मॅककॉर्मिक यांच्याशी झालं. कापणीयंत्रामुळे गडगंज झालेल्या घराण्याचा हा धाकटा मुलगा. दोनच वर्षांत स्टॅन्ली यांना गंभीर मानसिक आजाराने गाठलं. १९४७ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते कॅलिफोर्नियातल्या एका बंगल्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहिले. कॅथरिन यांनी घटस्फोट घेतला नाही. उपचारांवरून सासरच्यांशी कोर्टकज्जे मात्र केले. मानसिक आजाराची मुळं शरीरातील ग्रंथींमध्ये असावीत असं त्यांना वाटे. म्हणून १९२७ साली हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी संशोधनासाठी निधी उभा केला.

पण त्या या दुःखात बुडून बसल्या नाहीत. १९०९ पासून त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात उतरल्या, भर रस्त्यावर सभा घेतल्या. राष्ट्रीय संघटनेच्या खजिनदार आणि उपाध्यक्ष झाल्या. १९२० साली मताधिकार मिळाला, तेव्हा दुसरी लढाई आधीच सुरू झाली होती. मार्गारेट सँगर यांच्या संततिनियमन चळवळीसाठी १९२० च्या दशकात त्यांनी युरोपातून हजाराहून अधिक गर्भनिरोधक साधनं कपड्यांत शिवून अमेरिकेत आणली, कारण तिथे ती मागवणं बेकायदा होतं.

हा विषय आपल्याला परका नाही. र. धों. कर्वे यांचा खटला बाबासाहेबांनी लढवला होता. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागेही बाबासाहेबच होते. तो ठराव फेटाळला गेला.

१९५३ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, कॅथरिन सँगर यांच्यासोबत शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. सरकार आणि मोठ्या कंपन्या हात लावायला कचरत होत्या, त्या संशोधनाचा जवळजवळ सगळा खर्च त्यांनी एकटीने उचलला. हा आकडा वीस लाख डॉलरच्या आसपास जातो. १९६० साली गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९५६ पासून गोळीच्या मोठ्या चाचण्या झाल्या त्या प्यूर्टो रिकोतल्या गरीब स्त्रियांवर. त्यांना पुरेशी माहिती दिली नव्हती आणि त्यांच्या त्रासाच्या तक्रारींकडे दुर्लक्ष झालं. कॅथरिन यांच्या पैशावर हे काम चाललं होतं, त्यामुळे ही जबाबदारी त्यांच्याकडेही जाते.

आता एमआयटीकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मुलींसाठी राहण्याची सोय होती ती नदीपलीकडे बॉस्टनमधल्या एका लहानशा घरात. तिथे जेवढ्या खाटा, तेवढ्याच नव्या मुलींना प्रवेश, असा हिशेब होता. १९५० च्या दशकात मुलींना घेणंच बंद करावं का, याचीही चर्चा झाली. पदवी अर्धवट सोडणाऱ्या मुलींकडे बोट दाखवलं जाई, पण त्या राहतात कुठे आणि कशा, हे विचारलं जात नव्हतं. कॅथरिन यांनी आधी थंडीवाऱ्यात पूल ओलांडून येणाऱ्या मुलींच्या टॅक्सीभाड्याची सोय केली. मग कॅम्पसवर मुलींचं वसतिगृह बांधायला पैसे दिले. १९६३ साली ते उघडलं, पुढे काही वर्षांत दुसरी इमारतही झाली. नाव दिलं नवऱ्याचं, स्टॅन्ली मॅककॉर्मिक हॉल. जागा वाढली तशी मुलींची संख्याही वाढली. म्हणजे मुलींमध्ये गुणवत्ता आधीपासून होती, खाटा नव्हत्या.

२८ डिसेंबर १९६७ रोजी, ब्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या. वर्तमानपत्रांनी फारशी दखल घेतली नाही. मृत्युपत्राने मात्र कुटुंबनियोजनाच्या संस्थेला आणि स्टॅनफर्डमध्ये डॉक्टर होऊ पाहणाऱ्या स्त्रियांना प्रत्येकी पन्नास लाख डॉलर मिळाले.

त्यांच्याकडे वारशाने आलेली संपत्ती होती, आपल्याकडे ती नाही, हे खरं. पण १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढलं, तेव्हा समाजाकडे कुठे पैसा होता? आज आपल्यातही इंजिनिअर झालेले, चांगल्या पगारावर असलेले शेकडो जण आहेत. यंदा आपल्या तालुक्यातल्या किती मुलींनी राहायला जागा नाही म्हणून प्रवेश सोडला, याची यादी प्रत्येक युवक मंडळाने करावी. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा शहरात चार-पाच मुलींसाठी भाड्याने खोली घ्यायला बाजूला काढता येईल. सुरुवात एका खाटेने केली तरी एक सीट वाचते.