दामदुपटीचा सौदागर

दामदुपटीची एखादी योजना बुडते, ठेवीदार बंद कार्यालयासमोर गर्दी करतात आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत पॉन्झी हे नाव हमखास उमटते. आज ते फसवणुकीच्या एका प्रकाराचे सामान्यनाम झाले आहे. ज्याचे हे नाव, तो चार्ल्स पॉन्झी हाडामांसाचा माणूस होता आणि त्याची सारी भरभराट जेमतेम आठ महिन्यांची होती, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते.

इटलीतील लुगो या गावी १८८२ मध्ये जन्मलेला पॉन्झी १९०३ साली बॉस्टन बंदरात उतरला. खिशात अवघे अडीच डॉलर होते, असे तो पुढे सांगत असे. पडेल ती कामे करीत तो कॅनडात माँट्रियलला पोहोचला आणि झारोसी नावाच्या गृहस्थाच्या बँकेत नोकरीस लागला. इटलीहून आलेले कष्टकरी या बँकेत पैसे ठेवीत, कारण इतर बँकांच्या दुप्पट व्याज तेथे मिळे. हे व्याज कोणत्याही व्यवसायातून येत नव्हते. ते नव्या ठेवींतूनच भागवले जात होते. बँक बुडाली, मालक परागंदा झाला आणि पॉन्झी बनावट धनादेशाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. सुटल्यावर इटालियन स्थलांतरितांना चोरून अमेरिकेत आणल्याबद्दल त्याला पुन्हा तुरुंगवास घडला. ज्या बॉस्टनने पुढे त्याला डोक्यावर घेतले, त्या शहराला यातले काहीच ठाऊक नव्हते.

१९१९ साली स्पेनहून आलेल्या एका पत्रात त्याला आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन सापडले. परदेशी पत्राच्या उत्तरासाठी लागणारे टपालमूल्य आगाऊ पाठविण्याची ही सोय होती. एका देशात विकत घेतलेले कूपन दुसऱ्या देशात देऊन तेथील तिकिटे घेता येत. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील चलने घसरली होती. त्यामुळे तेथे स्वस्तात घेतलेल्या कूपनावर अमेरिकेत अधिक किमतीची तिकिटे मिळू शकत. हिशेब कागदावर बिनचूक होता, आणि हेच त्या योजनेचे खरे बळ होते. निखळ खोटे लवकर उघडे पडते. पॉन्झीच्या खोट्याला खऱ्याचे अस्तर होते.

१९२० च्या आरंभी त्याने बॉस्टनच्या स्कूल स्ट्रीटवर कंपनी थाटली. ४५ दिवसांत ५० टक्के नफा आणि ९० दिवसांत रक्कम दुप्पट, असे वचन होते. बँका तेव्हा वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास व्याज देत. पहिल्या ठेवीदारांना ठरल्या दिवशी, किंबहुना त्याआधीच, पैसे मिळाले. मग जाहिरातीची गरज उरली नाही. भाऊ भावाला सांगू लागला, शेजारी शेजाऱ्याला. ठेवी आणणाऱ्या दलालांना भरघोस दलाली मिळे. बॉस्टनच्या इटालियन वस्तीत तर तो आपला माणूस होता, आणि आपल्या माणसाला हिशेब विचारणे कोणालाही अवघड जाते. पोलीस दलातील अनेकांनीही त्याच्याकडे पैसे ठेवले. उन्हाळ्यापर्यंत हजारो लोकांचे मिळून दीड कोटी डॉलरच्या आसपास जमा झाले. मुदत भरल्यावर बहुतेक जण रक्कम न काढता पुन्हा गुंतवीत, त्यामुळे रोख देण्याची वेळच क्वचित येई. कूपनांचा व्यापार मात्र नावापुरताच होता. याची टोपी त्याच्या डोक्यावर, एवढाच काय तो धंदा.

या नाटकावरचा पडदा उचलला तो बॉस्टन पोस्ट या दैनिकाने. जुलैच्या अखेरीस त्याने क्लॅरेन्स बॅरन या अर्थतज्ज्ञ पत्रकाराचे मत मागविले. बॅरनने दोनच साध्या गोष्टी पाहिल्या. एवढ्या ठेवींसाठी सुमारे १६ कोटी कूपने फिरत असायला हवीत. प्रत्यक्षात जगभर २७ हजारांच्या आसपासच होती. आणि दुसरी गोष्ट अधिकच बोलकी: इतरांना ५० टक्के नफा देणारा पॉन्झी स्वतःचा पैसा मात्र रोखे आणि स्थावर मालमत्तेत गुंतवीत होता. यासाठी कोणतीही गुप्त माहिती लागली नव्हती. हे प्रश्न पहिल्या दिवशी कोणताही ठेवीदार विचारू शकला असता.

ठेवीदार पैसे परत मागण्यासाठी धावले. तेव्हा पॉन्झीने दाखविलेला धीटपणा थक्क करणारा आहे. तीन दिवसांत सुमारे २० लाख डॉलर परत केले, रांगेत उभ्या असलेल्यांना कॉफी आणि खाद्यपदार्थ वाटले, हसतमुखाने त्यांची विचारपूस केली. हे पाहून कित्येकांनी पैसे न काढताच घरची वाट धरली. परत मिळणारा पैसा आपल्यासारख्याच कोणाचा तरी आहे, हा विचार त्यांना शिवलाही नाही.

ऑगस्टच्या आरंभी त्याच्याच प्रसिद्धी सल्लागाराने, मॅकमास्टर्सने, तो दिवाळखोर असल्याचे पोस्टमध्ये जाहीर केले. ११ ऑगस्टला माँट्रियलचा तुरुंगवास छापून आला. १२ तारखेला पॉन्झी अटकेत होता. हॅनोव्हर ट्रस्टसह अनेक बँका या प्रकरणात कोसळल्या. बहुसंख्य ठेवीदारांना वर्षानुवर्षे वाट पाहून डॉलरमागे ४० सेंटसुद्धा परत मिळाले नाहीत. सचोटीच्या या कामगिरीबद्दल पोस्टला १९२१ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला.

या युक्तीचा पॉन्झी हा जनक नव्हे. ब्रुकलिनमध्ये विल्यम मिलरने १८९९ सालीच आठवड्याला १० टक्क्यांचे आमिष दाखवून लोकांना लुबाडले होते. वीस वर्षांत ते विस्मरणात गेले, आणि पॉन्झीचे नाव तेवढे उरले. तो स्वतःही सुधारला नाही. जामिनावर असताना फ्लोरिडात जाऊन त्याने दलदलीच्या जमिनीचे तुकडे विकण्याचा उद्योग मांडला; ६० दिवसांत २०० टक्के नफ्याचे आश्वासन तेथेही होतेच. पुढे आणखी तुरुंगवास भोगून १९३४ साली तो सुटला आणि लगेच इटलीला हद्दपार झाला. पत्नी रोझ बॉस्टनमध्येच राहिली. १९३७ साली तिने घटस्फोट घेतला. अखेरीस पॉन्झी ब्राझीलला गेला. दृष्टी अधू झाली, अंग लुळे पडले, आणि १९४९ साली रिओ दि जानेरोच्या एका धर्मादाय रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याच्याजवळ शिल्लक होते ७५ डॉलर; तेवढ्यात अंत्यविधीचा खर्च भागला.