आत्या, भाचा आणि 'लाईट'

आमच्या डोणगावात कुणाला कॅन्सर निघाला की दोन शब्द लगेच कानावर येतात, टाटा आणि लाईट. टाटा म्हणजे मुंबईत परळचं हॉस्पिटल आणि लाईट म्हणजे रेडिएशन. ओळखीच्या एक काकू असेच पंचवीस लाईट घेऊन मुंबईहून परत आल्या. भेटायला गेले तर त्यांचं ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण ओसरीवर. नातवाला जवळ येऊ देत नव्हते. का, तर काकूंच्या अंगातून आता किरणं निघतात म्हणे! सून वाईट नाही हो, लेकराच्या काळजीपोटीच करत होती. काकू मात्र भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला त्या दिवशी होमी भाभा आठवले.

भाभा म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला सुटाबुटातला फोटो आठवतो आणि अणुशक्ती. पण त्यांच्या आयुष्याचा एक धागा परळच्या त्या हॉस्पिटलपर्यंत जातो, तो फारसा कुणी सांगत नाही.

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. वडील जहांगीर बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई ही जमशेदजी टाटांच्या थोरल्या मुलाला, दोराबजींना दिलेली. ही आत्या त्या काळाच्या मानाने वेगळीच बाई होती. साडी नेसून टेनिस खेळायची, बालविवाहाविरुद्ध जाहीर बोलायची. १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने ती गेली, तीही परदेशात उपचार चालू असताना. होमी तेव्हा केंब्रिजला शिकत होते, वय एकवीस. असे उपचार आपल्या देशात मिळाले पाहिजेत, हे दोराबजींच्या मनाने घेतलं, पण पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या मागे टाटा ट्रस्टने ते काम पुरं केलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचं हॉस्पिटल उघडलं.

होमींना केंब्रिजला पाठवलं होतं इंजिनिअर व्हायला, म्हणजे पुढे टाटांच्या पोलाद कारखान्यात लागतील. पोराचं मन मात्र गणितात आणि भौतिकशास्त्रात. वडिलांनी अट घातली, आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग तुझ्या मनासारखं शीक. त्यांनी ती पुरी केली आणि विश्वकिरणांच्या अभ्यासाला लागले.

विश्वकिरण म्हणजे आकाशातून सतत पृथ्वीवर येणारी किरणं. आपण अंगणात सडा घालतो तेव्हा, रात्री गच्चीवर झोपतो तेव्हाही ती आपल्या अंगातून जात असतात. शिवाय मातीतून, घराच्या विटांतून, अगदी केळ्यातूनही थोडं थोडं रेडिएशन मिळतंच. जगात माणसाला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट एवढं रेडिएशन मिळतं. छातीच्या एका एक्स-रेचं साधारण ०.१ किंवा त्याहून कमी. सीटी स्कॅनचं मात्र एक्स-रेच्या कितीतरी पट, म्हणून तो उगाच हौसेने काढून घ्यायची गोष्ट नाही.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर घरी आले आणि महायुद्ध सुरू झालं. परत जाता येईना. मग बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काम केलं आणि इथेच राहायचं ठरलं. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९५४ मध्ये ट्रॉम्बेचं अणुकेंद्र, ४ ऑगस्ट १९५६ ला 'अप्सरा' ही अणुभट्टी. लग्न केलं नाही. चित्रं काढायचे, पाश्चात्त्य संगीताचं वेड होतं, आणि इमारतीच्या आड झाड आलं तर ते तोडण्याऐवजी मुळासकट दुसरीकडे लावायला लावायचे.

मला स्वतःला त्यांची जास्त मोठी वाटते ती एक वेगळीच गोष्ट. १९६० मध्ये त्यांनी ट्रॉम्बेतल्या लोकांसाठी लेखी काढलं की किरणोत्सारी वस्तू अशा हाताळा, की काम करणाऱ्याला किंवा बाहेरच्या कुणालाही इजा होणार नाही आणि देशातल्या इतर संस्थांनी आपला कित्ता गिरवावा. एक्स-रे काढणाऱ्या माणसाच्या छातीवर छोटासा बिल्ला असतो, पाहिलाय ना? त्याच्या अंगाला किती रेडिएशन लागलं, याचा हिशेब तो बिल्ला ठेवतो.

१९६२ मध्ये परळचं हॉस्पिटल आरोग्य खात्याकडून अणुऊर्जा खात्याकडे आलं, भाभांच्याच काळात. दवाखान्याचा आणि अणूचा काय संबंध, असं वाटेल. पण काकूंना मिळालेला लाईट हाच तो संबंध. आत्या ज्या रोगाने गेली, त्या रोगाचा दवाखाना भाच्याच्या खात्यात आला. पुढे ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी कोबाल्टचा लाईट देणारं देशी यंत्र बनवलं, त्याचं नावच भाभाट्रॉन. ते पाहायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ ला युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावर त्यांचं विमान कोसळलं. वय अवघं छप्पन्न.

भीती नको म्हणजे बेफिकिरी हवी असं नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट असलेलं जुनं यंत्र फोडलं गेलं आणि एक माणूस जिवानिशी गेला. एक्स-रे मशीनला मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो आहे का हे विचारायला लाजू नका. पाळी चुकली असेल तर एक्स-रेच्या आधीच सांगा. आणि दुसऱ्याचा एक्स-रे चालू असताना लेकरू कडेवर घेऊन त्या खोलीत थांबू नका.

काकूंच्या सुनेला मी एवढंच सांगितलं की बल्ब बंद केला की भिंतीत उजेड साठून राहत नाही, तसंच बाहेरून यंत्राने दिलेल्या लाईटचं आहे. थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन पाजतात, तेव्हा काही दिवस लांब राहायला डॉक्टर स्वतःच सांगतात. काकूंना तसं कुणी सांगितलं नव्हतं. तिने डॉक्टरांना फोन करून खात्री करून घेतली. त्याच संध्याकाळी अंथरूण आत आलं आणि नातू आजीच्या कुशीत झोपला. ताट अजून वेगळंच आहे. पुढच्या तपासणीला सुनेलाच सोबत पाठवायचं ठरलंय.