माफीनाम्यानंतर दासबोध : ग्वाल्हेरात शिकलेल्या माधवराव सप्र्यांची गोष्ट

ग्वाल्हेर : शिंदेशाहीत कवायती पलटणींच्या तुकडीला कंपू म्हणत. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये किल्ल्याखाली फौजेचा तळ कायमचा टाकला, त्याचं लष्कर शहर झालं. पलटणी गेल्या, पण कंपू हे नाव मोहल्ल्याला चिकटून राहिलं. या लष्कर भागात एक जुनं कॉलेज आहे. आज त्याला महाराणी लक्ष्मीबाई कॉलेज म्हणतात, तेव्हा ते व्हिक्टोरिया कॉलेज होतं. अटलबिहारी वाजपेयी तिथे शिकले हे इथलं पोरगंसुद्धा सांगतं. त्यांच्या कितीतरी आधी, 1896 च्या सुमारास, तिथून एफ.ए. झालेला एक मराठी विद्यार्थी मात्र इथल्या मराठी घरांतही फारसा कुणाला आठवत नाही. तो म्हणजे माधवराव सप्रे.

हिंदीवाल्यांना सप्रे पक्के माहीत आहेत. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही 1901 मधली गोष्ट हिंदीतली पहिली लघुकथा की नाही, यावर अजून वाद चालतो. चालू दे. आपल्या दृष्टीने त्यांचं मोठं काम दुसरंच आहे. मराठीतले विचारांचे ग्रंथ मुळातून वाचायचे, पचवायचे आणि मग हिंदीत न्यायचे, हे काम त्यांनी केलं. आणि त्या कामाकडे ते वळले ते आयुष्यातल्या सगळ्यांत वाईट दिवसांत.

जन्म 19 जून 1871 चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावचा. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असतं तसंच. शाळा बिलासपूर आणि रायपूरला झाली. पुढे जबलपूरला कॉलेजात गेले, पण आजारपणाने शिक्षण अडलं. सासऱ्यांनी नायब तहसीलदारीची सोय केली होती, ती त्यांनी घेतली नाही. पेंड्र्याला ठेकेदारी करून बघितली, त्यात पैसे बुडाले. मग पंचविशीच्या आसपास ग्वाल्हेरला येऊन पुन्हा वर्गात बसले. नंतर कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतली.

जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू झालं. सोबत रामराव चिंचोलकर होते. हिशेबाच्या नजरेने पाहिलं तर हा धंदा पहिल्या दिवसापासून तोट्याचा. पेंड्र्यात छापखाना नाही, वाचणारे थोडे, वर्गणी त्याहून थोडी. तीन वर्षं कसंबसं चाललं आणि बंद पडलं. याच काळात काशीच्या नागरी प्रचारिणी सभेचा शास्त्रीय परिभाषेचा कोश तयार होत होता. त्यातल्या अर्थशास्त्राच्या शब्दांचं काम सप्र्यांनी केलं. माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला याचं विशेष वाटतं. ज्या भाषेत एखाद्या विषयाला शब्दच नाहीत, तिथे शब्द बसवायचे म्हणजे आधी मूळ पुस्तक स्वतःला नीट कळलेलं लागतं. पुढे ही सवय कामी आली.

नंतर ते नागपूरला गेले. 13 एप्रिल 1907 ला ‘हिंदी केसरी’ सुरू झाला. टिळकांच्या केसरीतलं लिखाण आणि विचार हिंदी मुलखात पोहोचवायचे, असा सरळ हेतू होता. सरकार ते किती दिवस चालू देणार? 22 जुलै 1908 ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. बरोबर महिन्याने, 22 ऑगस्टला, सप्र्यांना राजद्रोहाखाली पकडलं. त्याच सुमारास ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकरही आत गेले.

इथून पुढचं लोक दबक्या आवाजात सांगतात. घरून फार जोर आला. माफी मागितली नाहीस तर जीव देईन, असं थोरल्या भावाने निर्वाणीचं सांगितलं, असं चरित्रांत येतं. सप्र्यांनी माफीनाम्यावर सही केली आणि सुमारे तीन महिन्यांनी ते बाहेर आले. टिळक मंडालेला, आणि त्यांच्या पत्राचं नाव घेऊन हिंदीत पत्र काढणारा माणूस घरी. टीका व्हायची ती झालीच. पण बाहेरच्यांच्या टीकेपेक्षा त्यांना स्वतःचंच तोंड बघवेना असं दिसतं. पत्र सोडलं, सभा सोडल्या. वर्ध्याच्या हनुमानगडावर श्रीधर विष्णू परांजपे या रामदासी सत्पुरुषांकडे जाऊन राहिले. मधुकरी मागून खायचं आणि दासबोध वाचायचा, एवढंच काम. बी.ए. झालेला संपादक झोळी घेऊन दारोदार फिरतोय, हे चित्र त्या काळीही सोपं नव्हतं.

दासबोध म्हटलं की आपण तो देवघरात ठेवतो आणि विषय संपवतो. पण जरा सनावळी बघा. समर्थांचा जन्म 1608 चा. तिकडे हॉब्स 1588 चा, देकार्त 1596 चा, स्पिनोझा 1632 चा. युरोपच्या तत्त्वज्ञानाचा नवा काळ ज्याला म्हणतात तो हाच. हॉब्सचा ‘लेव्हायथन’ 1651 ला छापून आला, तेव्हा इकडे समर्थ चाफळ-शिवथरच्या मुलखात होते. कुणी कुणाचं वाचलं नव्हतं आणि विचारही एक नाहीत. उगाच बरोबरी लावण्यात अर्थ नाही. पण माणसाने विवेक कसा करावा, समुदाय कसा सांभाळावा, राजकारणात कसं वागावं, हे प्रश्न दासबोधात आहेत आणि ते बोलीच्या जवळच्या मराठीत आहेत. 20 दशक, 200 समास. त्यात ब्रह्मनिरूपण आहे तसंच मूर्खांची लक्षणं आहेत, अक्षर कसं काढावं हेसुद्धा आहे. आणि मूळ संहितेचा विचारही त्याच काळात चालू होता. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी डोमगावच्या मठातली कल्याणस्वामींच्या हातची पोथी पाहून 1905 मध्ये दासबोध छापला होता. म्हणजे समर्थांनी नेमकं काय लिहिलं, हे पाहण्याची सोय नुकतीच झाली होती.

सप्र्यांनी पारायणांवर पारायणं केली आणि मग त्याचा हिंदी अनुवाद केला. हे सोपं काम नाही. ब्रह्म, माया, विवेक हे शब्द हिंदीत जसेच्या तसे चालतात. अडतं ते करंटा, टोणपा, पढतमूर्ख अशा ठिकाणी. शिवी आणि शिकवण एकाच शब्दात असते, आणि शब्द बदलला की त्यातलं एक काहीतरी गळतं. घरात दोन भाषा असणाऱ्यालाच हे कळतं. नातवंडाला आजीचं बोलणं हिंदीत समजावून सांगताना आपलं जे होतं, तेच सप्र्यांचं दोनशे समासांत झालं असणार.

तिकडे मंडालेत टिळकही मूळ ग्रंथांच्या मागे होते. तुरुंगात त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पालीचा अभ्यास केला, तो युरोपातलं आणि बौद्धांचं लिखाण त्या त्या भाषेत वाचता यावं म्हणून. 1910-11 च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढलं. त्यात हॉब्स, कांट, मिल, स्पेन्सर, ग्रीन यांची मतं मांडून गीतेच्या कर्मयोगाशी ताडून पाहिली आहेत. जून 1914 मध्ये टिळक सुटले, जून 1915 मध्ये ग्रंथ बाहेर आला.

आणि त्याचा हिंदी अनुवाद टिळकांनी दिला तो माधवराव सप्र्यांना. सहा वर्षं पूर्ण भोगून आलेल्या माणसाने, तीन महिन्यांत माफी मागून सुटलेल्या माणसाच्या हाती आपला तुरुंगातला ग्रंथ सोपवला. मला विचाराल तर सप्र्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा निकाल हाच, आणि तो कुठल्या कोर्टाने दिला नाही.

अनुवाद झालाही झपाट्याने; वर्ष-दोन वर्षांत हिंदी गीतारहस्य वाचकांच्या हातात होतं. टिळकांनी युरोपीय कल्पनांना आधिभौतिक, आधिदैविक, आध्यात्मिक असे संस्कृत शब्द बसवले होते, ते हिंदीला तसेच चालले. अर्थशास्त्राच्या कोशावर हात बसलेल्या सप्र्यांना ही परिभाषा परकी नव्हती. हिंदी मुलखातल्या कित्येकांनी हॉब्स आणि कांटचं नाव पहिल्यांदा वाचलं ते याच पुस्तकात असावं.

त्यानंतर चिंतामण विनायक वैद्यांचा महाभारतावरचा ग्रंथ त्यांनी ‘महाभारत मीमांसा’ या नावाने हिंदीत आणला. वैद्य हे ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश राहिलेले, म्हणजे पुन्हा आपलं ग्वाल्हेर आलंच. 1920 मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघालं, त्यामागे सप्रे होते. संपादक माखनलाल चतुर्वेदी. 1924 मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद सप्र्यांना मिळालं. एका मराठी घरातल्या माणसाला हिंदीवाल्यांनी दिलेला हा मान.

23 एप्रिल 1926 ला रायपूरला ते गेले. 1984 मध्ये भोपाळला जुन्या वर्तमानपत्रांचं मोठं संग्रहालय उभं राहिलं, त्याला त्यांचं नाव आहे.