अर्ध्या मिनिटाची चक्कर

रॉबर्ट बाराणी यांचा एक गुडघा लहानपणापासून ताठ होता. हाडाचा क्षय झाला आणि सांधा कायमचा आखडला. १८७६ साली व्हिएन्नात जन्मलेले बाराणी सहा भावंडांत थोरले. आजारपणामुळे वैद्यकाची ओढ लागली, असे त्यांच्याविषयी सांगतात. त्या ताठ गुडघ्यानिशी ते पुढे टेनिस खेळले, डोंगरही चढले. तोल हा विषय त्यांनी आयुष्यभर का धरला, याचे उत्तर त्या गुडघ्यात शोधण्याचा मोह होतो. पण खरे कारण बरेच साधे आहे. ते कान धूत होते.

१९०० साली पदवी घेतल्यावर जर्मनीत थोडा अनुभव घेऊन बाराणी १९०३ मध्ये व्हिएन्नात पोलिट्झर यांच्या कानाच्या विभागात रुजू झाले. तिथे पिचकारीने कान धुण्याचे काम रोजचेच. धुताना काही रुग्णांना गरगरायचे आणि त्यांचे डोळे झटके दिल्यासारखे एका बाजूला हलायचे. हे इतर डॉक्टरही पाहत होतेच. एका रुग्णाने तक्रार केली की, पाणी पुरेसे गरम नसले की चक्कर येते. पुढे दुसऱ्या एकाला चुकून जास्त गरम पाणी गेले, तेव्हाही चक्कर आली. पण डोळ्यांचे झटके या वेळी उलट दिशेला होते. शरीराइतक्याच तापमानाचे पाणी असेल, तर काहीच होत नव्हते.

बाराणींना यात आतल्या कानाची रचना दिसली. आतल्या कानात एकमेकींशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोके हलले की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला हालचालीची खबर मिळते. बंबात तळचे पाणी तापून वर चढते, तसे कोमट-गार पाण्याने नलिकेतला द्रव वर किंवा खाली सरकतो. डोके स्थिर असूनही ते फिरल्याची खोटी वर्दी मेंदूकडे जाते. १९८३ साली अंतराळात हाच प्रयोग झाला, तेव्हा वजनरहित अवस्थेतही डोळे हलले. म्हणजे बंबाचे स्पष्टीकरण पुरते नाही. तरी तपासणी टिकली. कोणत्या कानातले तोलाचे यंत्र बंद पडले आहे, हे कळण्यासाठी आजही ती केली जाते. फिरत्या खुर्चीत बसवून तपासण्याची त्यांची पद्धतही टिकली. ती खुर्ची त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मग महायुद्ध सुरू झाले. गुडघ्यामुळे बाराणींना घरी राहता आले असते, पण ते आपणहून ऑस्ट्रियाच्या सैन्यात डॉक्टर म्हणून गेले. प्शेमिशलच्या किल्ल्यात डोक्याला गोळ्या लागलेल्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले. मार्च १९१५ मध्ये किल्ला पडला आणि रशियनांनी त्यांना युद्धकैदी म्हणून मध्य आशियातल्या मर्व्ह गावी नेले. तिथे त्यांना हिवताप जडला. त्याही स्थितीत ते कैद्यांचे आणि गावकऱ्यांचे कान तपासत राहिले. याच छावणीत त्यांना १९१४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाल्याची बातमी पोचली. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसच्या वतीने रदबदली केली. १९१६ मध्ये बाराणी सुटले आणि स्टॉकहोमला जाऊन त्यांनी पारितोषिक स्वीकारले.

व्हिएन्नात मात्र हारतुरे नव्हते. तुम्ही इतरांच्या शोधांचे श्रेय नीट दिले नाही, असा आरोप सहकाऱ्यांनीच केला. आरोपात तथ्य नसल्याचे पुढे ठरले, पण मन उडाले ते उडालेच. १९१७ मध्ये बाराणी स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात गेले आणि तिथलेच झाले.

नोबेल मिळवून देणारे काम संपले होते. माझ्या मते आपल्या रुग्णांच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोलाचे काम यानंतरचे आहे, आणि त्याची आठवण फारशी निघत नाही. १९२१ साली त्यांनी सत्तावीस वर्षांच्या एका बाईची हकीकत छापली. तिला निजल्यावर कुशीवर वळले की जोरात गरगरायचे. बाराणींनी तिला उताणे निजवून मान उजवीकडे वळवली. डोळे गोल फिरल्यासारखे झटके देऊ लागले, मळमळ सुरू झाली आणि सुमारे तीस सेकंदांत सगळे थांबले. लगेच पुन्हा मान उजवीकडे वळवली, तर काहीच झाले नाही. चक्कर पुन्हा यायची, तर तिला काही वेळ उताणे किंवा डाव्या कुशीवर पडून राहावे लागे.

या आजाराला आज बीपीपीव्ही म्हणतात. हालचाल पुन्हा केली की चक्कर ओसरते, या निरीक्षणात उपचाराचा धागा होता. बाराणींनी तो ओढला नाही. गुरुत्वाकर्षण ओळखणाऱ्या, कॅल्शियमचे बारीक कण असलेल्या कानातल्या दुसऱ्या अवयवात बिघाड आहे, असा त्यांचा तर्क होता. तो अर्धा बरोबर निघाला. कण त्याच अवयवातले, पण ते सुटून ज्या नलिकांवर बाराणींनी उमेदीची वर्षे घालवली, त्याच नलिकांत शिरतात. कुशीवर वळले की कण घरंगळतात, द्रव ढवळतो. कण स्थिरावले की चक्कर थांबते. बाराणी १९३६ च्या एप्रिलमध्ये, साठीला दोन आठवडे उरले असताना गेले. दोन मुलगे आणि एक मुलगी, तिघेही वैद्यकात शिरले.

पुढे १९५२ साली लंडनमध्ये डिक्स आणि हॉलपाइक यांनी ही तपासणी पक्की केली. १९८० साली ब्रांट आणि डॅरॉफ यांनी चक्कर आणणारीच हालचाल मुद्दाम वारंवार करायला लावली. त्यांच्या ६७ रुग्णांपैकी ६६ जण दोन आठवड्यांच्या आत बरे झाले. बाराणींच्या त्या नोंदीला तोवर एकोणसाठ वर्षे झाली होती. अमेरिकेतल्या एपली यांनी डोके क्रमाने फिरवून कण नलिकेबाहेर काढण्याची रीत बसवली; ती १९९२ मध्ये छापून आली.

आता आपल्याकडे काय चालते, ते पाहा. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत वरवंड, पाटस, यवत भागातून येणाऱ्या पन्नाशीपुढच्या बायका सांगतात की, कूस बदलताना, फळीवरचा डबा काढताना किंवा खुरपून उठताना घर फिरते. कुणी पित्त म्हटलेले असते, कुणी मानेच्या मणक्याचा दोष सांगून गळ्यात पट्टा घातलेला असतो. चक्करेच्या गोळ्या महिनोन् महिने चालू असतात. गोळ्यांनी मळमळ दबते, नलिकेतले कण तिथेच राहतात. त्यातल्या काही गोळ्या म्हातारपणी दीर्घकाळ घेतल्या, तर हात थरथरू लागतात. भीतीने मान हलवायचीच नाही, असेही काही जणी ठरवून टाकतात. अशी बाई विहिरीच्या काठावर किंवा मोरीत पडली, तर खुबा मोडतो आणि तिचे पुढचे आयुष्य बदलते.

आधी डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे. त्यासाठी यंत्र लागत नाही, तपासणीचे टेबल पुरते. निदान पक्के झाले, तर एपलींची रीत तिथेच काही मिनिटांत करता येते आणि बहुतेकांना एक-दोन खेपांत आराम पडतो. ते जमले नाही किंवा त्रास परत आला, तर घरी ब्रांट-डॅरॉफ व्यायाम करता येतो. कॉटच्या कडेला मध्यभागी पाय सोडून बसा. बाज नको, तिला झोळ असतो. मान अर्धी डावीकडे वळवा आणि तशीच ठेवून चटकन उजव्या कुशीवर पडा. नाक किंचित वर, छताकडे राहील. चक्कर थांबेपर्यंत किंवा तीस सेकंद थांबा. उठून तीस सेकंद बसा. मग मान अर्धी उजवीकडे वळवून डाव्या कुशीवर तसेच करा. हे पाच वेळा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, दोन आठवडे. पहिले दोन-तीन दिवस चक्कर येणारच, त्याला भिऊन सोडू नका. पण तेवढे दिवस सून, लेक, मालक, कुणीतरी शेजारी उभे असू द्या.

मानेचे मोठे दुखणे असेल किंवा डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज हा व्यायाम करू नये. आणि चक्कर मिनिटाभरात न थांबता तासन् तास राहत असेल, किंवा सोबत बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, हातापायातली शक्ती जाणे, अचानक ऐकू न येणे, प्रचंड डोकेदुखी यांपैकी काहीही असेल, तर तो आजार हा नव्हे. अशा रुग्णाला कॉटवर कुशी बदलायला न लावता त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावे.